कृष्णेतल्या कासवांसाठी वेळाससारखी हॅचरी हवी का? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठी
मार्च उजाडला की सांगली-मिरजेतून, कराड-साताऱ्यातून वेळास-आंजर्ल्याला गाड्या भरून जातात. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना बघावीत, त्याबद्दल दुमत नाही. पण आयर्विन पुलाखालच्या पाण्यात कोणती कासवं आहेत, हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना सांगता येतं.

कोकणात २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र, वन खातं आणि गावकरी मिळून अंडी राखतात. तशीच एखादी हॅचरी, म्हणजे अंडी कुंपणात राखून उबवायची जागा, भिलवडी, औदुंबर, डिग्रज, हरिपूर या पट्ट्यात करावी असं माझं मत आहे. जमीन आहे, माणसं आहेत, नदीवर जीव असलेली गावं आहेत. जाणकारांनी बाजूनं आणि विरुद्ध, दोन्हीकडून लिहावं. शक्यतो नेमकं लिहा. "निसर्ग वाचवा" एवढ्यावर थांबू नका.

जलचर
चांगला विषय. आधी ओळख पक्की करू, कारण तिथेच घोळ होतो.

१. फ्लॅपशेल. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारं. पाठ गुळगुळीत, घुमटासारखी, हिरवट-तपकिरी, वर कातडी. उलटं न करता मागून बघा: मागचे पाय आत घेतले की पोटाच्या बाजूच्या दोन झडपा त्यांच्यावर बंद होतात. नदी, ओढा, पाझर तलाव, विहीर, भाताचं खाचर, कुठेही राहतं.

२. लिथचं सॉफ्टशेल. हे खरं नदीचं, मोठ्या डोहाचं कासव. पाठ चपटी, झडपा नाहीत, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं. पूर्ण वाढ झालेलं दोन फुटांपर्यंत जातं. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार गोल ठिपके असतात, वयाबरोबर ते पुसट होतात. ही जात फक्त भारतीय द्वीपकल्पातली. १८७२ साली ग्रे यांनी तिचं वर्णन केलं ते पुण्याच्या नमुन्यावरून, म्हणजे आपल्या घरचीच म्हणायची. आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे. भारताच्या प्रस्तावावरून २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकमध्ये गेली.

३. काळं कासव. पाठ कडक, काळपट, तिच्यावर लांबीच्या दिशेनं तीन कंगोरे. शांत पाणी, दलदल, झाडीतले ओढे त्याला आवडतात.

फ्लॅपशेलच्या पाठीवर पिवळे ठिपके दिसले तर फोटो जरूर काढा. ठिपक्यांचा प्रकार उत्तरेकडचा आहे. इथे सापडला तर तो व्यापारातून आलेला असण्याची शक्यता जास्त.

केळशी_वारा
कोकणातून लिहितोय. हॅचरीत नक्की काय करतात ते सांगतो, मग तुलना करा.

मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, साधारण दीड फूट खोल, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा करते आणि शंभरेक अंडी घालून जाते. तिच्या परांचा माग वाळूवर स्पष्ट उमटतो. पहाटे गस्त घालणारा माणूस तो माग धरून घरट्यापर्यंत जातो. अंडी काही तासांच्या आत हलवायची. आतला गर्भ एकदा कवचाच्या पडद्याला चिकटला की अंडं फिरवल्यावर मरतो, म्हणून उचलताना वरची बाजू वरच ठेवायची. कुंपणात तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा काढायचा आणि वर तारखेची पाटी लावायची. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात. तारीख जवळ आली की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात, सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

चुकतं कुठे तेही सांगतो. मार्चनंतर वाळू तापते. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त निघतात, आणखी तापलं तर अंडी उबतच नाहीत. म्हणून वर सावलीची जाळी लागते. आणि खड्डे फार जवळजवळ काढले तर एका कुजलेल्या खड्ड्याची बुरशी शेजारी जाते.

डोहकरी
वरचं वाचलं तर उत्तर त्यातच आहे. हॅचरी चालते कारण (अ) एका खड्ड्यात शंभर अंडी, (आ) वाळूवर माग, (इ) किनाऱ्याची एकच लांब पट्टी, सकाळी चालत संपते.

आपल्याकडे फ्लॅपशेल एका वेळी २ ते १४ अंडी घालतं. ती पोयट्याच्या मातीत, गवतात, उसाच्या बांधाला, पाण्यापासून कितीही आत. गवतावर माग उमटत नाही. अंडी गोल आणि कडक कवचाची, ती उबायला महिनोन् महिने लागू शकतात. दहा घरटी शोधायला गावभर माणसं लावली तरी हातात शंभर अंडी येणार नाहीत. आणि त्यात काठावर मगर. भिलवडी ते सांगली पट्ट्यात रात्री बॅटरी घेऊन काठाच्या गवतात गस्त घाला, असं कुणाला सांगायची माझी तयारी नाही.

अंकली_पूल
@डोहकरी, हिशोब मान्य. पण वेळासनं अंड्यांपेक्षा मोठं काम केलं ते माणसांचं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे राहू लागले, गावाला चार पैसे मिळाले, अंडी चोरणं थांबलं. कृष्णाकाठी लोकांना कासवाशी जोडणारं काहीतरी हवंच. लहान का होईना, हॅचरी डोळ्यांना दिसते.

डोहकरी
दिसते ना, पण चोरालाही दिसते. समुद्री कासवाची मादी अंडी घालून निघून जाते. नदीतलं कासव बाराही महिने त्याच डोहात असतं. "इथे कासवं आहेत" अशी पाटी लावली की गळ टाकणारा तिथेच येतो.

मुद्दा अंड्यांचा नाहीच. कासव वयात यायला वर्षं लागतात, पिल्लांतली बहुतेक मरतात, आणि हे सगळं ती भरून काढतात ते मोठं झाल्यावर कित्येक वर्षं अंडी घालत राहून. त्यामुळे एका डोहातून चार मोठ्या माद्या गेल्या तर हॅचरीतल्या पिल्लांनी ते नुकसान भरत नाही. कृष्णेत राखायचं ते मोठं कासव आणि काठाची माती.

मळीवाला
+१. मातीचं सविस्तर लिहितो.

घरटं कुठे जातं? एक, वीटभट्टीसाठी पोयटा उपसतात तिथे. जेसीबीनं काठ उभा तासला की कासवाला चढताच येत नाही. मातीचा उतार हवा. दोन, घाट आणि संरक्षक भिंत. गावापुरतं ठीक, पण दोन्ही काठ सलग बांधले तर अंडी घालायला जागा उरत नाही. तीन, वाळू उपसा. लिथच्या कासवाला वाळूचा काठ आणि डोहाचा वाळूचा तळ दोन्ही लागतात, ते वाळूत अंग पुरून बसतं. सक्शन पंपानं तळ ओढला की खाली गाळ आणि दगड राहतात.

बहे-बोरगावजवळच्या रामलिंग बेटासारख्या जागा म्हणूनच मोलाच्या. मध्येच उंच जमीन, काठाला उतार, वर्दळ एका बाजूला.

पाटबंधारे
पाण्याच्या पातळीचं कुणी बोललं नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालतात, पावसाळ्याआधी काढतात. बरगे घातले की वरच्या बाजूला पाणी काही फूट चढतं आणि तिथेच राहतं. त्याआधी काठावर खाली घातलेली अंडी पाण्यात जातात. उन्हाळ्यात टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांसाठी कोयनेतून पाणी सोडतात तेव्हाही पातळी अचानक वर येते.

यावर उपाय फुकटातला आहे. बरगे एका झटक्यात घालण्याऐवजी शक्य तितके लवकर, पावसाळी पाणी ओसरता ओसरता घालायचे. मग मादी नव्या पातळीच्या वर जागा शोधते. धोका असतो तो पाणी खाली गेल्यावर महिन्याभरानं पुन्हा चढवण्यात.

मिरजकर
भाबडा प्रश्न. कासवं मेलेले मासे, घाण खातात ना? मग कासवं वाढवून सोडली तर नदी साफ होईल असं ऐकलंय. साखर कारखान्यांच्या मळीनं मासे मरतात त्या वेळी तर उपयोगच.

जलचर
@मिरजकर, हा प्रयोग देशात झालाय. १९८६ च्या गंगा कृती योजनेत कासवं वाढवून गंगेत सोडली, वाराणसीला सात किलोमीटरचं कासव अभयारण्यही केलं. हेतू अर्धवट जळालेली प्रेतं खाण्याचा होता. पुढे ते अभयारण्यच रद्द झालं. कासव मेलेला मासा खाईल, गोगलगाय खाईल, पण सांडपाणी आणि मळी त्याच्या आवाक्यातली नाही.

मळीचं पाणी आलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. कासव हवा वर येऊन घेतं म्हणून मासे मरतात त्या दिवशी ते मरत नाही. पण मऊ पाठीची कासवं (वरच्या यादीतली पहिली दोन) कातडीतून आणि घशाच्या अस्तरातूनही पाण्यातला ऑक्सिजन घेतात. त्याच्या जोरावर ती तळाशी तासन् तास राहतात. ते बंद झालं की सारखं वर यावं लागतं, काठाला यावं लागतं, आणि त्याच वेळी मेलेले मासे गोळा करायला काठावर गर्दी असते. मासे मेल्याची बातमी आली की त्याच आठवड्यात कासवं पकडली जाण्याचा धोका सर्वांत जास्त.

खटावकर
नदीवरच गाडी अडकली आहे, म्हणून माण-खटाव, जत, कवठेमहांकाळच्या बाजूनं लिहितो. दुष्काळी भागातलं कासव म्हणजे फ्लॅपशेल आणि त्याचं घर म्हणजे पाझर तलाव. तलाव आटला की ते चिखलात खोल जाऊन निपचित पडून राहतं, पाऊस येईपर्यंत. वरून भेगाळलेला कोरडा गाळ दिसतो, खाली जिवंत कासव.

आणि आपण गाळ काढतो कधी? एप्रिल-मेमध्ये. जेसीबीचा दात थेट पाठीतून जातो, नाहीतर कासव गाळासकट ट्रॉलीत पडून शेतात जातं आणि उन्हात वाळून मरतं. गाळ काढायला विरोध अजिबात नाही, या भागाला तो हवाच. काढायची पद्धत बदलायची:

सगळ्यात शेवटी आटणारा कोपरा, म्हणजे तलावाचा सर्वांत खोल भाग, शक्यतो अजिबात खणू नये. तलावाचा दहावा हिस्सा राखला तरी चालतं. उरलेला गाळ कोरड्या कडेकडून आत पट्ट्या-पट्ट्यांनी काढावा, सगळीकडून एकदम नाही. बकेट ट्रॉलीत रिकामी करण्याआधी जमिनीवर पसरावी आणि एका माणसानं बघावं. हे काम गाळ ओला असेल तिथेच लागतं, पूर्ण कोरड्या ढेकळांत नाही. सापडलेलं कासव त्याच राखलेल्या कोपऱ्यात, ओल्या चिखलात, सावलीला ठेवावं. नदीला नेऊन सोडू नये.

अंकली_पूल
@खटावकर, हे फार कामाचं. नदीला का नको? तिथे पाणी तरी आहे.

खटावकर
उन्हाळ्यात निपचित पडलेल्या कासवाचं शरीर मंद चाललेलं असतं. त्याला वाहत्या खोल पाण्यात टाकलं तर पोहून वर येण्याचं त्राण नसतं, बुडतं. शिवाय जागा नवी, आसरा माहीत नाही. एका पाण्याचे रोग दुसऱ्या पाण्यात जातात ते वेगळंच.

पशुवैद्य_कराड
सापडलेल्या कासवाबद्दल एकत्र लिहून ठेवतो, लोक इथे शोधत येतील.

उचलणं: मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते, पाठीच्या अर्ध्याहून मागे वळते. कडेनं धरू नका, चावा सुटत नाही. मागच्या पायांच्या वरून, पाठीच्या मागच्या कडेला दोन्ही हातांनी धरा. मोठं असेल तर ओलं पोतं टाकून गुंडाळा.

नेणं: टबमध्ये ओला टॉवेल, पाणी नको. जखमी, दमलेलं कासव चार बोटं पाण्यातही बुडतं. एका टबमध्ये एकच. दूध, भात, पाव काहीही भरवू नका.

गळ: दोरी तोंडातून बाहेर असेल तर ओढू नका. आकडा अन्ननलिकेत रुतलेला असतो, ओढला की फाटते. दोरी वीतभर ठेवून कापा म्हणजे डॉक्टरला माग लागतो. एक्स-रे लागतोच.

जाळ्यात बुडालेलं: निपचित असलं तरी मेलं असं धरू नका. पालथंच ठेवा, उताणं नाही. मागची बाजू वीतभर उंच, डोकं खाली, म्हणजे पाणी निथळतं. सावली, अंगावर ओलं कापड, नाकपुड्या मोकळ्या. चार तासांत हालचाल येऊ शकते, कधी पूर्ण दिवस लागतो. समुद्री कासवालाही हेच.

जखम: सलाईननं धुवा, पोव्हिडोन आयोडीन पाण्यात चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. हळद भरू नका. सांगलीची हळद कितीही चांगली असली तरी भुकटीचा थर बसतो, खाली घाण राहते आणि जखम किती खोल आहे ते दिसत नाही. कवचाचे तडे फेव्हिक्विकनं चिकटवू नका, पू आत कोंडतो.

आणि आधी १९२६ ला फोन करा. वन खात्याची हेल्पलाइन आहे.

घाटमाथा
@पशुवैद्य_कराड, एक भर घाला. चांदणी कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज, सापडलं की लोक पुण्य म्हणून वाईच्या घाटावर नाहीतर संगम माहुलीला पाण्यात सोडतात. ते जमिनीवरचं आहे, पोहता येत नाही, थेट बुडतं. पाय बघा: खांबासारखे जाड, बोटांमध्ये पडदा नाही, तर पाण्यात सोडायचं नाही. त्याची मूळ वस्ती गुजरात-राजस्थानात आणि आंध्र-कर्नाटक-तमिळनाडूच्या कोरड्या पट्ट्यात. साताऱ्यात सापडलेलं बहुधा कुणाच्या तरी घरातून आलेलं असतं.

पशुवैद्य_कराड
बरोबर. राहून गेलं होतं.

मिरजकर
आणि ते ॲक्वेरियममधलं छोटं हिरवं? कानाजवळ लाल पट्टी असलेलं. वास्तूसाठी म्हणून बरेच जण घेतात, मोठं झालं की गणेश तलाव दिसतो.

जलचर
रेड-इअर्ड स्लायडर. अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. दुकानात रुपयाएवढं दिसतं, पुढे ताटाएवढं होतं, तीस वर्षं जगतं. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत आहे. ऊन खायच्या जागा, खाणं, सगळ्यात देशी कासवांवर कुरघोडी करतं. सांभाळणं जमत नसेल तर वन खात्याला किंवा बचाव केंद्राला विचारा, पण तलावात, काळ्या खणीत, नदीत अजिबात नाही. साताऱ्याच्या तळ्यांतही नाही. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, साल्मोनेला हा आजार पसरवणारा जंतू असतो. लहान मुलांच्या हातात देऊ नका.

नख्या_मोजा
कुणी "वीस नख्यांचं कासव" हा प्रकार काढला नाही अजून. पैशांचा पाऊस पाडतो म्हणून भोंदू लोक असं कासव मागतात, आणि त्यापायी फ्लॅपशेल पकडली जातात. साधं गणित गावागावांत सांगा: मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीनच नख्या, एकूण बारा. काळ्या कासवाला आणि चांदणीला पुढे पाच-पाच, मागे चार-चार, एकूण अठरा. वीस भरतच नाहीत. (मोजायला म्हणून कुणी कासव उलटं करू नका, एवढी विनंती.)

फ्लॅपशेल वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानुसार शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान पंचवीस हजार. पाळणं, विहिरीत आणून सोडणं हेसुद्धा त्यातच येतं. शिवाय २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

केळशी_वारा
दंडाबरोबर बक्षिसाचंही बघा. आमच्याकडे डिसेंबर २०१८ पासून संरक्षित समुद्री प्राणी जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो-व्हिडिओ लागतो. कासव सोडण्यात कोळ्याचं नुकसान होऊ नये, हे तत्त्व साधं आहे.

डोहकरी
हेच नदीवर हवंय. नदीतलं नायलॉनचं साधं जाळं समुद्रावरच्या जाळ्यापेक्षा स्वस्त असतं, पण भोई माणसाला तेही परवडत नाही. कासव अडकलं की जाळं वाचवायला त्याचा पाय मोडतात. जाळ्याची किंमत देणारा निधी तालुक्याला ठेवला, तर हॅचरीच्या कुंपणापेक्षा कमी पैशात जास्त कासवं वाचतील. बॅटरीचा करंट आणि जिलेटिन लावून मासेमारी करणारे मात्र वेगळे. त्यांच्यासाठी भरपाई नाही, पोलीस.

कृष्णाकाठी
सगळ्यांचं वाचून माझं मत बदलतंय. हॅचरीचा आग्रह सोडतो. पण शेतकऱ्याला नांगरताना अंडी सापडली तर? तिथे तरी हलवायची ना?

जलचर
नाही, तिथेच राखायची. कधी घातली ते माहीत नसतं, त्यामुळे गर्भ चिकटला असणारच असं धरायचं. उघडी पडली असतील तर न फिरवता, वरची बाजू वरच ठेवून, तीच माती हलक्या हातानं परत टाका, दाबू नका. वन खात्याला कळवा, त्यांच्या माणसासमोर पुढचं करा. चारी बाजूंना मीटरभर अंतरावर काठ्या रोवून तेवढा तुकडा नांगराबाहेर ठेवायचा. कुत्री, मुंगूस, घोरपड उकरू नयेत म्हणून मीटर बाय मीटरची वेल्डेड जाळी आडवी टाकून कोपऱ्यांत खुंट्या ठोकायच्या आणि वर दोन बोटं माती.

आणि वर तापमानाचं आलंय म्हणून एक स्पष्ट करतो. मऊ पाठीच्या ज्या जातींचा अभ्यास झालाय त्यांत नर-मादी गुणसूत्रांवरून ठरतं, उष्णतेवरून नाही. त्यामुळे फ्लॅपशेलच्या घरट्यावर सावलीची जाळी घालायची गरज नाही.

मळीवाला
ऊस असेल तर पाचट पेटवताना तो तुकडा सोडून, भोवती हातभर माती उघडी करून घ्या. आणि ठिबकची नळी जाळीवरून नेऊ नका, सततच्या ओलीनं अंडी कुजतात.

कृष्णाकाठी
मग ग्रामसभेत मांडायला एवढं घेतो: काठाच्या दोन जागा पोयटा उपसा आणि बांधकामातून वगळायच्या, बरग्यांची तारीख लवकर, जाळ्याच्या भरपाईचा निधी, आणि पाझर तलावाचा राखीव कोपरा. अर्जात जागांचा गट नंबर घालू का?

डोहकरी
ग्रामसेवकाच्या प्रतीत घाला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतीत नको, फोटोतलं लोकेशनही बंद ठेवा. आणि "कासव क्षेत्र" असं न लिहिता "काठ संरक्षण" लिहा.

मळीवाला
@जलचर, जाळीचा गाळा किती ठेवायचा? आमच्याकडे कोंबडीची बारीक जाळी पडून आहे.

जलचर
कोंबडीची नको, पिल्लू त्यात अडकून मरतं. दोन इंची चौकोनी गाळा घ्या. पिल्लू साधारण दीड इंचाचं असतं, ते निघतं, मुंगसाला सहज उकरता येत नाही.